व्हालब्रे बाईंच्या आजेसासूची लेस

व्हर्साय, सोमवार, १२ जानेवारी १७८९
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ताईस झर्वेचा नमस्कार.

आत्तापर्यंत मी शाईची दौत काखेत धरून बसलो होतो. रात्रीत ती गोठली होती. त्याआधी पाऊण तास दोऱ्याला मेण लावले, चौतीस दोरे झाले. मालक साताला उठतात, म्हणून घाईने लिहितो. तरी अक्षर बिघडू देणार नाही.

पत्राच्या टपालाचे सू घेणाऱ्याला भरावे लागतात, तेव्हा काम आधी लिही आणि राजवाडा नंतर, असे तू बजावले आहेस. म्हणून काम आधी.

आमच्या ओबेर मालकांकडे काउंटेस द व्हालब्रे यांचे काम आले आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी त्यांच्या सुनेला दरबारात राणीसाहेबांपुढे पेश करणार. पहिल्या दिवसाचा पोशाख संपूर्ण काळा असतो. चोळी काळी, घागरा काळा, मागे लोळणारा चार हातांचा घोळही काळा. फक्त दंडाच्या मध्यापासून कोपरापर्यंत पांढऱ्या लेसच्या दोन पदरी बाह्या. ही चोळी पुरुष शिंपीच शिवतो, कारण देवमाशाच्या हाडांमधून सुई ढकलायला मनगट लागते. डावी बाजू पूर्ण माझ्याकडे दिली आहे.

अडचण लेसची आहे. पॅरिसच्या दुकानांत सध्या चांगली लेस उरलीच नाही, असे काउंटेसबाई म्हणाल्या. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, "ह्याची बहीण आलाँसाँला लेस करते." बाईसाहेबांनी मला पहिल्यांदाच पाहिले. म्हणाल्या, "मग मागव की."

तू आणि पाचजणींनी अकरा महिने खपून केलेली जोडी एका दिवसासाठी भाड्याने देशील का? तीन लुई, म्हणजे बहात्तर लिव्र. रविवारी पोशाख, सोमवारी लेस परत. बाईसाहेबांनी शब्द दिला आहे.

जागा संपली, राजवाडा राहिला.

तुझा,
झर्वे आमार


आलाँसाँ, १६ जानेवारी

झर्व्याला पेरीनचा आशीर्वाद.

सहा सू भरले आणि पत्र सोडवलं. वाचून आधी हसले, मग बायांना वाचून दाखवलं, मग त्या हसल्या.

अरे, पॅरिसमध्ये लेस उरली नाही? इथून गेल्या महिन्यात तीन पेट्या पॅरिसला गेल्या, त्या काय नदीत बुडाल्या? लेस भरपूर आहे. उरली नसेल तर त्या बाईची उधारी उरली नसेल. दुकानदारांनी दार लावलं असेल तोंडावर. तू शिकलेला ना? "च" आणि "ज" नीट काढतोस, आणि माणूस काय म्हणतं ते कळत नाही.

माझं मन नाही म्हणतंय. पण चार पौंडांचा पाव चौदा सूला झाला आहे आणि आमच्यातली चांगली बाई दिवसभर डोळे फोडून आठ सू मिळवते. जाकेत आजीला आता जाळीचं भोक दिसत नाही, बोटाने चाचपून भरते. बहात्तर लिव्र म्हणजे सहा घरांत महिनाभर भाकर. म्हणून पाठवते. राजाच्या दरबारासाठी नाही.

नीट ऐक. काँ शहराचा व्यापारी एक मार्चला येणार, जोडी बघून नऊशे लिव्र मोजणार. त्यातून या बायांची राहिलेली अर्धी मजुरी द्यायची आहे. अकरा महिने मी त्यांना "देते, देते" म्हणते आहे. मी काही काउंटेस नाही, मला हे म्हणताना लाज वाटते. एक मार्चला जोडी हातात नसेल तर तो माणूस दुसऱ्या दारी जाईल आणि मी या पाच चुलींना तोंड दाखवणार नाही.

काठाला घोड्याचा केस घातला आहे, दुमडू नकोस. ओली झाली तर हात लावू नकोस. गाडीवानाकडे लाकडी डबी देते आहे.

आणि हो, केसांना पीठ फासणाऱ्या त्या बायकांपैकी कुणी भेटली तर विचार, एका डोक्याला किती लागतं. इथे पोरं त्याची खीर करतात.

पेरीन


व्हर्साय, सोमवार, २६ जानेवारी
दुपारचा एक, जेवणाची सुट्टी

ताईस नमस्कार.

डबी बावीस तारखेला पोचली. मी मालकांसमोर उघडली आणि दोन्ही पदर मोजून घेतले. ओबेर मालकांनी चष्मा लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, मी टोपी काढली."

काल ते झाले. तू हसशील, पण मला सगळे सांगायचे आहे.

आठवडाभर तालीम चालली होती. नृत्याचे मास्तर म्हणजे साठीचा माणूस, दात चार. ते घागरा नेसून खोलीच्या टोकाला राणी होऊन उभे राहत. सूनबाई दारातून येत, तीन ठिकाणी लवत, उजवा हातमोजा काढून मास्तरांच्या घागऱ्याचे टोक ओठांना लावायला वाकत, आणि मास्तर हाताने घागरा बाजूला सारून म्हणत, "नको बाळ, नको." मग उलटे चालायचे. पाठ दाखवायची नाही, आणि चार हातांचा घोळ टाचेने मागे ढकलत राहायचे. सूनबाई सोळा वर्षांच्या आहेत. दोनदा मास्तरांच्या अंगावर पडल्या. काउंटेसबाई ओरडल्या, "तेराव्या शतकापासून आमच्या घराण्यात कुणी पडलेलं नाही!" कोपऱ्यातून त्यांची दासी उर्सुल हळूच म्हणाली, "सगळे बसूनच होते ना."

काल दुपारी लेस लावायला पॅरिसहून एक मुलगी येणार होती. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला आहे. तिची गाडी सेव्हरच्या चढाला रुतली. दोन वाजले, तीन वाजले. सूनबाई काळी चोळी घालून उभ्या, दंड उघडे, थंडीने निळे. काउंटेसबाई म्हणाल्या, "ह्या पोराच्या हातात सुई आहे ना? लावू दे त्याला."

ताई, मी लावली. लवताना एखादा टाका सुटला आणि लेस लोंबली तर काय, अशी भीती होती. म्हणून मेण लावलेला दुहेरी दोरा घेतला आणि चोळीला घालतो तशी उलट टीप घातली. इंचाला बारा. मापून घातले. एकही टाका हलला नाही! तीन वेळा लवून, उलटे चालून, गाडीत चढून आणि उतरून, लेस जशीच्या तशी. मी जिन्याखाली उभा होतो. एका डचेसबाईंनी थांबून बाही उचलून पाहिली. विचारले, "ही कुठली?" काउंटेसबाई म्हणाल्या, "माझ्या आजेसासूची. आता अशी बनत नाही."

मला जरा वाईट वाटले. पण त्यांनी कौतुक केले, हेही खरे.

लेस उद्या काढून पाठवतो.

झर्वे


आलाँसाँ, १ फेब्रुवारी

झर्व्या,

"उद्या" होऊन पाच दिवस झाले. डबी कुठे आहे?

आजेसासूची म्हणे. जाकेत आजीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी त्या बाईची आजेसासू! जाऊन आशीर्वाद देऊन येते, पाया पडेल का?" दिवसभर आम्ही तिला बाईसाहेब म्हणत होतो. पण हसून झाल्यावर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

भाडं मागितलंस का? मागताना मान खाली घातलीस का? घातली असशील.

पेरीन


व्हर्साय, गुरुवार, ५ फेब्रुवारी
संध्याकाळचे पाच

ताईस नमस्कार.

तू काळजी करू नकोस. रस्ते अजून वाईट आहेत. मंगळवारी निघणारी गाडी बुधवारी निघाली आणि हूदाँच्या पुढे तिचे मागचे डावे चाक मोडले, असे ऐकले. अशा गाडीत लेस पाठवणे बरे नव्हे. शिवाय काउंटेसबाईंना सर्दी झाली आहे. शनिवारपासून. त्यामुळे त्यांच्या कपाटाची किल्ली मिळाली नाही. किल्ली पितळी असून ती त्यांच्या उशाखाली असते.

भाड्यापैकी सहा लिव्र त्यांनी आगाऊ दिले आहेत, ते गाडीवानाकडे देत आहे. बाकीचे लवकरच.

इथे थंडी कमी झाली. माझी प्रकृती चांगली आहे.

झर्वे


आलाँसाँ, १० फेब्रुवारी

झर्व्या,

गाडीवानाने पिशवी दिली. मी टेबलावर ओतली. एकशे वीस तांब्याचे सू, म्हणजे बरोबर सहा लिव्र, त्यातले अकरा घासून गुळगुळीत, एकाला भोक.

काउंटेस तांब्यात पैसे देते का रे? तिच्या हाताला तांबं लागलं तर ती हात कापून टाकील. हे सू तुझ्या सदऱ्याच्या अस्तरातले आहेत. मीच ते अस्तर शिवलं होतं.

आणि गाडीवानाला विचारलं, चाक कुठे मोडलं? तो म्हणाला, "कुठलं चाक?"

तू लहानपणीसुद्धा खोटं बोललास की असाच बारकाईने बोलायचास. मागचं, डावं. किल्ली पितळी. खरं बोलणाऱ्याला किल्लीचा धातू आठवत नाही.

एकोणीस दिवस राहिलेत. काय झालं ते लिही. पाठीत दोन घालायला मी तिथे नाही, एवढंच तुझं भाग्य.

पेरीन


व्हर्साय, शनिवार, १४ फेब्रुवारी
पहाटेचे साडेपाच

ताई,

चार कागद फाडून हा पाचवा लिहीत आहे. लेस गेली. माझ्या हाताने गेली.

इथे एक रीत आहे, ती मला माहीत नव्हती. बाईसाहेबांनी अंगावरून उतरवून टाकलेला पोशाख दासीचा होतो. तो विकून ती पैसे घेते. तो तिचा हक्क. म्हणून लेस कधी पक्की शिवत नाहीत. कच्च्या धावदोऱ्याने टाचतात, आणि पोशाख दासीला देण्याआधी दोरा ओढून लेस काढून घेतात. कच्चे ते मालकिणीचे, पक्के ते दासीचे. पॅरिसच्या त्या मुलीला हे माहीत असणार. चोळी शिवणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण चोळीत कच्चे काही नसतेच.

मी इंचाला बारा टाके घातले होते.

सत्तावीस तारखेला काउंटेसबाईंकडे गेलो. त्या पायऱ्या उतरत होत्या.

"लेस? ती उर्सुलकडे गेली. पक्की होती."

"पण बाईसाहेब, ती तुमची नव्हती. भाड्याची होती."

"मग पक्की कशाला शिवलीस? शंभर वर्षांची रीत मी तुझ्यासाठी मोडू? माझ्या घरात कुणाचा हक्क मारला जात नाही." आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या, "भाड्याचं बिल पाठव."

बिल तीन वेळा पाठवले. तिन्ही वेळा दारावरच्या स्विस दरवानाने घेतले आणि ठेवून दिले. त्याच्याजवळ बिलांची एक टोपली आहे. त्यात मांजर निजते.

मग उर्सुलला भेटलो. चाळिशीची बाई आहे, हात धोब्यासारखे. मी गयावया केली. ती म्हणाली, "पोरा, तीन वर्षं झाली, मला पगार म्हणून एक सू मिळालेला नाही. तीनशे लिव्र. दर वेळी विचारलं की म्हणते, 'उर्सुल, पोशाख मिळतात ना?' आणि पोशाख कसले, तर सगळं काढून घेतलेली सालं. पहिल्यांदा देवाने माझ्या झोळीत काही टाकलंय, आणि तू म्हणतोस परत दे? तुझ्या बहिणीच्या बाया उपाशी आहेत. माझ्या आईने काय राजवाड्याच्या चिमणीतला धूर खायचा?"

तिचे चुकत असते तर बरे झाले असते.

जुन्या कपड्यांचा व्यापारी चाळीस लिव्र देतो म्हणाला आहे. चाळीस, ताई! तो बघतो आणि त्याला नुसती चिंधी दिसते. उर्सुल वीस तारखेपर्यंत थांबेन म्हणाली.

मालकांकडे पुढच्या वर्षीचा पगार आगाऊ मागितला. त्यांनी मला बाहेर हाकलले. तू म्हणशील ते करीन. नाव घालवले, हे मला ठाऊक आहे.

झर्वे


आलाँसाँ, १७ फेब्रुवारी

झर्व्या,

रडगाणं पुरे. तू मूर्ख आहेस, पण चोर नाहीस. या पत्रापुरतं एवढं बास.

आधी तो हिशेब बघ, मग बाई ओळख. नऊशेची वस्तू तिच्या दासीने चाळिसाला विकली तरी तिला चालतं, कारण तिच्या खिशातून काहीच जात नाही. दासीचा पगार माझ्या लेसने फेडला, आणि वर म्हणते, माझ्या घरात हक्क मारला जात नाही! अशा न्यायाला आमच्याकडे दुसऱ्याच्या कोंबडीने जेवणावळ म्हणतात. आणि पंगतीला आपणच आधी बसायचं.

उर्सुलशी भांडू नकोस. ती आमच्यातलीच आहे. तिला हे पत्र वाचून दाखव.

उर्सुलबाई, मी पेरीन. तुमची माझी ओळख नाही. चाळिसाला विकू नका, तो तुम्हाला फसवतो आहे. तुम्हाला किती मिळालं तर समाधान होईल ते याला सांगा. मी तोंड वाकडं करणार नाही. पण पाच-सहा दिवस लेस तुमच्या पेटीत ठेवा.

आता का ते सांगते, झर्व्या. तुझ्या काउंटेसने डचेसला सांगितलं ना, आजेसासूची म्हणून? अशा बाईने एकदाच सांगितलं असेल का? पन्नास जणींना सांगितलं असेल. आता रविवारी कार्निव्हलचा नाच आहे. त्या पन्नासजणी सुनेच्या दंडाकडे बघणार. दंडाला दुसरं काही दिसलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल की व्हालब्रेंची आजेसासू गहाण पडली. असल्या लोकांना देणं टोचत नाही, हसणं टोचतं. आमचं उलट आहे.

ती बाई लेस मागायला येईल. उर्सुलकडे, तिच्याच दासीकडे. आणि आली की लावायला तू लागशील.

नाणं हातात पडल्याशिवाय सुईत दोरा ओवू नकोस. हे तुझ्या भित्र्या डोक्यात चांगलं ठोकून घे.

पेरीन


व्हर्साय, सोमवार, २३ फेब्रुवारी
दुपारचे दोन

ताईस नमस्कार.

तू सांगितलेस तसेच घडले. मला अजून खरे वाटत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

तुझे पत्र शुक्रवारी उर्सुलला वाचून दाखवले. "आमच्यातलीच" या शब्दापाशी तिने मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "सहा लुई. एकशे चव्वेचाळीस. बाकीचे पगाराचे मी देवाला सोडले."

शनिवारी काउंटेसबाईंनी तिला बोलावले. "उर्सुल, ती लेस उद्यापुरती दे."

"कुठली, बाईसाहेब?"

"माझ्या आजेसासूची!"

"ती होय. ती शिंपीपोराला विचारून देते."

काल, रविवारी, दुपारी चार वाजता मला बोलावणे आले. सूनबाई गुलाबी पोशाखात उभ्या होत्या, कमरेला वेताचा सांगाडा, दाराएवढा रुंद. केस हातभर वर, त्यात तीन पिसे. गालांवर लाली, आणि दंड उघडे. उर्सुल भिंतीशी, लेस एप्रनमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेली. मी मध्ये. कात्री मी खिशातच ठेवली होती.

काउंटेसबाई म्हणाल्या, "लाव."

मी म्हणालो, "बाईसाहेब, एकशे चव्वेचाळीस उर्सुलचे आणि बहात्तर भाड्याचे. दोनशे सोळा. नऊ लुई होतात."

"उद्या."

"बिलात तीन वेळा उद्या झाला, बाईसाहेब."

"तू मला शिकवणार? ओबेरला सांगून तुला आजच्या आज रस्त्यावर काढीन!"

"काढा. पण सुई माझी आहे."

ताई, हे मीच म्हणालो. कसे म्हणालो ते मला ठाऊक नाही.

बाहेर गाडीवान घोड्यांना शांत करत होता. सूनबाई हलकेच म्हणाल्या, "मामंजींच्या बहिणी निघाल्या असतील." काउंटेसबाईंनी एक खण उघडला, दुसरा उघडला. दागिन्यांची पेटी उघडली. त्यात सावकाराच्या चिठ्ठ्या होत्या. आणि मग, तू विश्वास ठेवणार नाहीस, त्यांनी दरवानाला वर बोलावले.

या घरात रोख पैसा असलेला तो एकच माणूस आहे. येणाऱ्या प्रत्येकाने दारात त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे, ही रीत. आठ वर्षे तो साठवतो आहे.

तो टोपी काढून उभा राहिला. काउंटेसबाई छताकडे बघत म्हणाल्या, "मला नऊ लुई हवेत."

तो म्हणाला, "मिळतील, बाईसाहेब. वर्षाला दहा टक्के. आणि मागचे चार?"

"मागचे कुठले चार?"

"नाताळचे, बाईसाहेब."

उर्सुलने एप्रन तोंडावर घेतला. सूनबाईंना हसू फुटले, आणि सांगाडा करकरला. तेराव्या शतकापासूनचे घराणे दरवानाच्या कागदावर सही करत उभे होते, आणि ती शाईची दौत मी धरली होती.

नऊ नाणी. सहा उर्सुलच्या हातात, तीन माझ्या. मी प्रत्येक नाणे दातांनी चावून पाहिले. मग कच्च्या धावदोऱ्याने टाचले, आठ मिनिटांत. नाच संपेपर्यंत उर्सुल कपड्यांच्या खोलीत बसून राहिली, आणि सूनबाई परतल्या तशी उंबऱ्यातच तिने दोरा ओढून लेस काढली. एक पदर केसाएवढा विरला आहे, मेणबत्तीचा थेंब पडला असावा. तू सांधशील.

दुसऱ्या दिवसाचे भाडे राहिले, हे माझ्या आज सकाळी ध्यानात आले. तू रागावशील.

मालकांनी मला आज काढले. म्हणाले, "मनातून मी खूष आहे, पण गिऱ्हाईक मोठं आहे." मी विचारले, "तुमचे त्यांच्याकडे किती थकले आहेत?" ते म्हणाले, "अकराशे," आणि खाली बसले.

उर्सुलनेही नोकरी सोडली. तिची आई मोर्तान्यला असते. ते वाटेतच लागते, पण ती आधी तुझ्याकडे येणार. लेस, तीन लुई आणि हे पत्र तिच्याच हाती पाठवत आहे. तिला गरम काहीतरी दे. मला मालकांकडून पंधरा दिवसांचे पैसे घ्यायचे आहेत, म्हणून थांबलो आहे.

झर्वे


आलाँसाँ, २ मार्च

झर्व्याला पेरीनचा आशीर्वाद.

तुझी उर्सुल गुरुवारी आली. चिखलाने कमरेपर्यंत भरलेली, आणि डबी डोक्यावर. दोन दिवस राहिली. त्या बाईची नक्कल अशी करते की जाकेत आजीला उचकी लागली.

विरलेला पदर मी शनिवारी सांधला. काल काँचा माणूस आला. भिंग लावून बघत बसला, माझा जीव भिंगाखाली. त्याला सांधा सापडला नाही. नऊशे मोजले. संध्याकाळी पाचजणींना टेबलाभोवती बसवून प्रत्येकीचं तिच्या हातात दिलं. जाकेत आजी म्हणाली, "मला वाटलं होतं तू पण काउंटेस झालीस." मी म्हटलं, "आजी, मलाही वाटायला लागलं होतं."

ती नोकरी गेली ते बरं झालं. आता काम ऐक. येत्या रविवारी, आठ तारखेला, आपल्या चर्चमध्ये गावचे पुरुष जमणार आहेत. राजाने सगळ्या गावांकडून तक्रारी मागवल्या आहेत म्हणे, वहीत लिहून. पाद्रीबाबा बसणार. लिहिणारा कोर्टातला कारकून ओळीला एक सू मागतो, आणि तक्रारीपेक्षा नमस्कारच जास्त लिहितो. मी पाद्रीबाबांना सांगितलं, माझा भाऊ फुकट लिहील, आणि एक अक्षर चुकणार नाही. बायकांना आत बोलता येणार नाही. पण लिहिणारा माझा असला तर दाराबाहेर उभं राहून मला पुष्कळ सांगता येईल.

ये.

पेरीन


व्हर्साय, गुरुवार, ५ मार्च १७८९
सकाळचे सहा, गाडीच्या अड्ड्यावर

ताईस नमस्कार.

मी निघालो. ही टपालगाडी माझ्या गाडीआधी सुटते, म्हणून पत्र पुढे पाठवतो. शनिवारी संध्याकाळी पोचेन. नव्या लेखण्या घेतल्या आहेत.

बसल्या बसल्या सगळे मांडून ठेवतो, म्हणजे आल्यावर तुला विचारावे लागणार नाही.

खर्च:
गाडीभाडे, टपावरची जागा — ९ लिव्र
लेखण्या सहा, शाई एक बाटली — १ लिव्र ४ सू
जानेवारीपासून आलेल्या पत्रांचे टपाल — १ लिव्र ४ सू
तांब्याचे सू, भाडे म्हणून पाठवलेले — ६ लिव्र

देणे:
खोलीवालीचे — काही नाही, काल फेडले
दरवानाचे — काही नाही. तो म्हणाला, लागले तर माग, तुला पाच टक्क्यांनी देईन

येणे:
ओबेर मालकांकडून, पंधरा दिवसांचे — १२ लिव्र. काउंटेसबाईंचे आले की देतो म्हणाले
काउंटेस द व्हालब्रे, लेसच्या दुसऱ्या दिवसाचे भाडे — ७२ लिव्र

राजाच्या वहीत एवढी लहान रक्कम लिहितात का, तेवढे पाद्रीबाबांना विचारून ठेव.

झर्वे आमार